तेरा मिनिटांचे गीत

इंग्लंडातील ‘आयर्न मेडन’ या वाद्यवृंदाची ‘पॉवरस्लेव्ह’ ही ध्वनिमुद्रिका १९८४ साली प्रसिद्ध झाली. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा तो प्रचंड घोष प्रथम कानांवर आदळतो खरा, परंतु इंग्रज कवी कोलरिज याच्या खलाशावरील काव्यावर रचलेले तिचे तेरा मिनिटांहून दीर्घ असे अखेरचे गीत जेव्हा मध्येच मंदावते आणि जहाजाच्या लाकडांची करकर ऐकू येते, तेव्हा रसिक श्वास रोखतो. माझ्या मते तेच तिचे खरे वैभव.

१ फेब्रुवारी २००८ रोजी, याच ध्वनिमुद्रिकेच्या इजिप्शियन धर्तीचा मंच उभारून, हा वृंद मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दाखल झाला व तेथूनच त्याचा जागतिक दौरा सुरू झाला.

तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेल्या अमरावती-अकोल्याच्या कानांना ठेक्याचा आवेश परका नाही. म्हणून ते तेरा मिनिटांचे गीत एकवार अखेरपर्यंत ऐकावे, ही विनंती.