भेग कुठे पडली आहे?



स्थापत्य अभियंत्याची लग्नाच्या मांडवातही सुटका नसते. पंगतीत शेजारी बसलेले काका जिलेबी मोडता मोडता विचारतात, "आमच्या हॉलच्या भिंतीला भेग पडलीय, काही धोका नाही ना?" आणि बहुतेक अभियंते भिंत न बघताच सांगून टाकतात, "छे, गिलाव्याची असेल." काकांचे समाधान होते, मठ्ठा येतो, विषय बदलतो. खरे उत्तर द्यायचे तर आधी विचारायला हवे की भेग आडवी आहे, उभी आहे की तिरपी? खिडकीच्या कोपऱ्यातून निघालीय का? उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते, असे काही होते का? माती, पाया, काँक्रीट आणि बळकटीकरण या विषयांत महाराष्ट्राच्या भूमीवर जे संशोधन झाले, त्यातले बरेचसे असे प्रश्न भेगेपाशी उभे राहून विचारणाऱ्यांनी केले आहे.

सुरुवात पायाखालच्या मातीपासून. दख्खनच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, पाणी गेले की आकसते. वैशाखात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शेतकऱ्याला ही माती कापूस देते, घर बांधणाऱ्याला घोर लावते. पावसाळा सुरू झाला की घराच्या कडेची माती आधी भिजते आणि मधली कोरडीच राहते. कडा उचलल्या जातात, भिंतीला तिरप्या भेगा पडतात, दरवाजे चौकटीत अडकतात. मग सुतार बोलावून दारांना रंधा मारला जातो. दोष मातीचा, शिक्षा लाकडाला!

पूर्वी यावर एक सोपा उपाय करत. काळी माती खणून काढायची आणि तिच्या जागी वाळू भरायची. पण वाळूतून पाणी बिनबोभाट खाली उतरते आणि खालची काळी माती पुन्हा फुगते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला. पृष्ठभागाजवळची काळी माती भिजल्यावर फुगते, पण मीटर-दीड मीटर खालची तीच माती भिजूनही फारशी फुगत नाही, असे का? वरच्या मातीचे ओझे एवढेच कारण पुरेसे वाटेना. मोठ्या आकाराच्या टाक्यांमध्ये माती भरून प्रयोग झाले आणि वरच्या थरातल्या चिकटपणाचा, म्हणजे कणांच्या परस्परांना धरून राहण्याचा, यात मोठा वाटा असल्याचे त्यांनी मांडले. त्यातून उपाय निघाला. चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा साधारण मीटरभर जाडीचा थर नीट दाबून बसवायचा. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली हा थर वापरला गेला आणि पुढे भारतीय मानकांतही आला. गंमत म्हणजे असा माल पुष्कळदा जवळच्या टेकाडावरच्या मुरमात सापडतो. माल स्वस्त होता, महाग होती ती तो ओळखण्यासाठी खर्च झालेली वर्षे.

इमारतींसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आणखी एक तोड काढली. पाइलच्या तळाजवळ साधारण अडीचपट व्यासाचा फुगवटा करायचा आणि पाइल अशा खोलीपर्यंत न्यायचा, की जिथे ऋतू बदलला तरी मातीतला ओलावा बदलत नाही. काळ्या मातीत ही खोली साडेतीन मीटरच्या आसपास धरतात. वरची माती वर ओढू लागली तरी फुगवटा पाइलला जागेवर धरून ठेवतो. या रचनेतला एक तपशील मात्र डोळ्यांत भरत नाही. पाइलवर टेकलेला प्लिंथ बीम आणि खालची जमीन यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवायची असते, म्हणजे माती खुशाल फुगो, बीमला ढकलणार नाही. साइटवर मुकादमाला ही फट म्हणजे अर्धवट काम वाटते. ड्रॉइंगमध्ये ती का दाखवली आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते, म्हणून तो ती विटांच्या तुकड्यांनी आणि मातीने ठासून भरतो. वर्षानुवर्षांचे संशोधन दोन पाट्या मातीत वाया जाते. यात मुकादमाची चूक कमी आणि ड्रॉइंग पाठवून कार्यालयात बसून राहिलेल्या अभियंत्याची जास्त.

आता माती सोडून धरणाकडे, कोयनेकडे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. दख्खनचे पठार तोपर्यंत स्थिर मानले जात होते आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाचे भूकंपासाठीचे गणित त्या काळच्या रिवाजानुसारच झाले होते. धरणाच्या वजनाच्या ५ टक्के एवढे आडवे बल, तळापासून माथ्यापर्यंत एकसारखे. धरणातच बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे प्रवाहाच्या दिशेने नोंदवलेले कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास निम्मे होते. धरण उभे राहिले. पण सांडवा नसलेल्या उंच भागांत दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या, आणि त्या पडल्या नेमक्या तिथेच, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो.

जुने गणित त्या जागी काहीच धोका दाखवत नव्हते. ते धरणाला एक अख्खा ताठ ठोकळा समजत होते. प्रत्यक्षात धरण लवचीकपणे डोलते आणि तळापेक्षा माथा कितीतरी जास्त हलतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी कोयनेची प्रत्यक्ष नोंद वापरून संगणकावर विश्लेषण केले. तेव्हा उताराच्या त्या बदलापाशीच काँक्रीटला न झेपणारे ताण निघाले. कागदावरचा आकडा आणि धरणावरची भेग एकाच जागी भेटली. आज जगात कुठेही काँक्रीट धरणाच्या भूकंपीय विश्लेषणाची नवी पद्धत कोणी मांडली, की ती बहुधा आधी कोयनेवर ताडून बघतात. सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाची आकृती अशी जगभरच्या प्रबंधांत छापली जाते. हा मान कोणी मागून घेतलेला नाही, पण तो आहे.

धरणाची दुरुस्तीही भेगेने सांगितली तशीच झाली. आधी पोलादी केबल ताणून वरचा भाग खाली आवळला गेला, नंतर मागच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम टेकू उभारले गेले. ते टेकू आजही धरणाच्या पाठीवर दिसतात.

काँक्रीटचा आजार मात्र भूकंपासारखा आवाज करत येत नाही. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. पुरती दोन दशकेही त्याने पाहिली नव्हती. ताणलेल्या काँक्रीटमधल्या पोलादी केबल आतल्या आत गंजल्या होत्या. मुंबईला वाशीशी जोडणाऱ्या पहिल्या ठाणे खाडी पुलातही तोच रोग निघाला आणि बाहेरून नव्या केबल ताणून त्याला सावरावे लागले. खारी हवा, काँक्रीटच्या आवरणातली कसूर आणि केबलभोवती नीट न भरलेले ग्राउट, एवढी सामग्री या रोगाला पुरते.

या रोगाचे निदान कसे करतात, हे एकदा जवळून बघण्यासारखे आहे. ताज्या काँक्रीटमध्ये क्षार भरपूर, त्याचा पीएच साडेबाराच्या पुढे. तेवढ्या क्षारात सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हा क्षार खाऊन टाकतो. तपासणीला आलेली व्यक्ती कॉलमचा कोपरा छिन्नीने फोडते, धूळ झटकते आणि ताज्या फुटक्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारते. आतला निरोगी भाग क्षणात गडद गुलाबी होतो, बाहेरचा रंगहीन राहतो. मग पट्टी लावून रंगहीन भागाची जाडी मोजायची. ती सळईपर्यंत पोचली असेल तर वरून कितीही झकास रंग दिलेला असो, आत घड्याळ सुरू झाले आहे. गंज मूळ पोलादापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, काँक्रीट आतून फुटते आणि सळईच्या रेषेत भेग उमटते. सोसायटीच्या बैठकीत तिला 'हेअरक्रॅक' म्हणतात आणि पुट्टी लावतात.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांची पहिली नोकरी नवे मनोरे उभारण्याची नसून जुन्या चार मजली इमारतींच्या गच्चीवर हातोडी घेऊन फिरण्याची असेल. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट नव्या इमारतीत सगळी गृहीतके आपलीच असतात. जुन्या इमारतीत मात्र दुसऱ्याने काय केले ते शोधावे लागते, आणि नकाशे पुष्कळदा हरवलेले असतात.

बळकटीकरणासाठी आता साधनेही विलक्षण आली आहेत. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नजवळचा इबाख पूल कार्बन तंतूंच्या पट्ट्या चिकटवून दुरुस्त केला गेला. ज्या कामाला १७५ किलो पोलाद लागले असते, ते ६.२ किलो पट्ट्यांत झाले. ही गोष्ट ऐकून विक्रेत्यांचे डोळे चमकतात. पण आतले काँक्रीट क्लोराइडने भरलेले आणि सळई गंजत असताना वर तंतू गुंडाळणे म्हणजे रोग झाकून ठेवणे. शिवाय ते चिकटवणारे इपॉक्सी आगीच्या कितीतरी आधी, साठ-सत्तर अंशांपासूनच, मऊ पडू लागते. साधन वाईट नाही, निदानाआधी लिहिलेली चिठ्ठी वाईट.

आणि बळकटीकरणाचीच दुसरी बाजू म्हणजे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरीही लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. ती मेली घरांखाली. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा हात फिरत असे आणि थर वाढत जाई. अर्ध्या मीटरहून जाड मातीचे वजन चौरस मीटरला टनाच्या आसपास भरते. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर दहा टन. ते ओझे पेलणाऱ्या भिंती रुंद होत्या, पण एकसंध नव्हत्या. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये खडे आणि माती. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगडच नव्हता. धक्का बसताच दोन थर फुगून एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले.

यावर उपाय साधा आणि स्वस्त होता. भिंतीतला एखादा दगड हलक्या हाताने सोडवून आरपार छिद्र करायचे, त्यात आकड्यांची सळई घालून काँक्रीट भरायचे, आणि साधारण मीटर-मीटर अंतरावर हेच पुन्हा करायचे. माळवदावरची माती कमी करायची, भिंतींना वरून पट्टा बांधायचा. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ज्या गावांची घरे उभी राहिली होती तिथे अशा बळकटीकरणासाठी पैसेही देऊ केले गेले. बहुतेक लोकांनी ते घेतले आणि जुन्या घराशेजारी विटा-काँक्रीटची नवी खोली बांधली. जुने माळवद तसेच राहिले.

याला गावकऱ्यांचा अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या दगडाने शेजारचे घर गिळले, त्याच दगडाच्या भिंतीत भोक पाडून ती सुरक्षित होते, यावर केवळ शासकीय पत्रक वाचून कोण विश्वास ठेवील? तंत्र बरोबर होते. पण गवंड्याने ते हाताने करून बघावे, आणि घरमालकाने भिंत हललेली व टिकलेली डोळ्यांनी बघावी, ही पायरी पुरेशी झाली नाही. प्रबंधात ही पायरी बसत नाही, म्हणून तिच्यावर संशोधनही कमी होते.

स्नातकहो, मराठवाड्यातली माळवदे, कोकणातले जांभ्याचे वाडे, मुंबईतल्या चाळी आणि राज्यभरातले दगडी कमानींचे पूल अजून वापरात आहेत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तोही रात्रीपर्यंत वापरातच होता. अशा एखाद्या वास्तूच्या दुरुस्तीचे काम हाती आले तर एक करा. दुरुस्तीआधीच्या भेगांची रुंदी, पीएच उतरलेल्या थराची खोली, वापरलेला माल आणि झालेला खर्च लिहून ठेवा. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी परत जाऊन तेच पुन्हा मोजा. आणि दुरुस्ती फसली असेल तर तेही लपवू नका, ती नोंद आपल्या स्थापत्य विभागाकडे पाठवा. इथे पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांना प्रकल्पासाठी तीच लागणार आहे.