वाचले, पण उमगले काय?

शाळा तपासणीस गेलेले अधिकारी एखाद्या विद्यार्थ्यास उभे करून पाठ्यपुस्तकातील उतारा वाचावयास सांगतात. विद्यार्थी न अडखळता वाचतो आणि शेरेबुकात ‘वाचन समाधानकारक’ अशी नोंद होते. त्या वाचनातून त्यास काय उमगले, हे मात्र बहुधा विचारले जात नाही.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराचसा निश्चित आहे. बाराखडी व जोडाक्षरे अवगत झाली की मूल अनोळखी शब्दही उच्चारू शकते. ही लिपीची मोठी सोय होय. पण फसगतही तीमुळेच होते.

“आभाळ दाटून आले, तशी सखूने अंगणातील वाळवण लगबगीने आत नेले.” या वाक्यावर ‘सखूने काय आत नेले?’ असे विचारल्यास मूल ‘वाळवण’ असे अचूक सांगेल, मग त्या शब्दाचा अर्थ त्यास ठाऊक असो वा नसो. ‘का नेले?’ याचे उत्तर मात्र वाक्यात नाही. पाऊस हा शब्दच तेथे आलेला नाही! पापड-कुरडया भिजल्या की वाया जातात, हे घरी पाहिलेले मूल तो दुवा स्वतः जोडते. शब्दसंग्रह, पूर्वानुभव आणि अनुमान ही तिन्ही येथे एकदमच कामास येतात.

अर्थात अक्षरवाचन गौण नव्हे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. एकेक अक्षर जुळवीत तेथवर पोहोचणाऱ्या मुलाच्या ध्यानातून वाक्याचा आरंभ निसटलेला असतो. गफ व टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये आकलन हे अक्षरवाचन आणि भाषेची समज यांचा गुणाकार असल्याचे मांडले. त्यातील एक शून्य, तर सारेच शून्य.

मेळघाटातील कोरकू मुलांच्या बाबतीत याचा प्रत्यय येतो. कोरकू ही मुंडा गटातील भाषा. मराठीशी तिचे कुळ जुळत नाही. अशा मुलाने मराठी पाठ खणखणीत वाचूनही उत्तर दिले नाही, तर त्यास मंद ठरविणे अन्यायाचे आहे. पाठ उघडण्यापूर्वी त्यातील विषयावर त्याच्याच भाषेत बोलणे व्हावयास हवे.

शाळा व्यवस्थापन समितीवरील पंचायत सदस्यांनाही येथे काम आहे. फाटतील या भीतीने गोष्टींची पुस्तके कपाटात कुलूपबंद राहतात आणि साठा नोंदवहीत शाबूत दिसतात. सदस्यांनी पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही पाहावयास मागावी.