आधी खोलीची किल्ली, मग भाषण
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



विद्यापीठात सध्या एक वाद रंगतो. बोलण्याचं स्वातंत्र्य मोठं, की सुरक्षित जागा मोठी? एक म्हणतो, कुणालाही काहीही बोलू द्या. दुसरा म्हणतो, मनाला लागेल असं बोलायलाच बंदी घाला. मी म्हणतो, हा वाद आपल्याला विचारून मांडलेला नाही.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना परिषदेचं अध्यक्ष केलं. भाषण हातात पडलं आणि मंडळाला घाम फुटला. म्हणाले, धर्मग्रंथांवरचं तेवढं गाळा. बाबासाहेब स्वल्पविरामही हलवायला तयार नव्हते. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण पदरच्या पैशानं छापलं. भावना कुणाच्या दुखावल्या? आणि तोंड कुणाचं बंद झालं?

२०१५ साली मद्रासच्या आयआयटीत आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता एका निनावी तक्रारीवरून काढली. गाजावाजा झाला तेव्हा परत दिली. म्हणून सांगतो, बोलण्यावर बंदीचं हत्यार साहेबाच्या हाती देऊ नका. आज तुमच्या भल्यासाठी म्हणून तो घेईल, उद्या पहिला वार तुमच्यावरच करील.

पण दुसरी बाजू पण ऐका. हैदराबाद विद्यापीठानं पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना होस्टेलबाहेर काढलं. वर्गात बसायची मुभा होती, पण राहायला खोली नाही. पोरांनी आवारातच बाबासाहेबांच्या तसबिरी लावून राहुटी ठोकली आणि तिला नाव दिलं वेलिवाडा. तेलुगूत त्याचा अर्थ दलितांची वस्ती, आपल्याकडचा महारवाडा. १७ जानेवारी २०१६ ला त्यातला रोहित वेमुला गेला. त्याची फेलोशिप कित्येक महिने अडकलेली होती.

आता सांगा, अशा पोराला भाषणस्वातंत्र्य होतं का? कागदावर होतं. गोदीतला रोजंदारीचा माणूस मुकादमापुढं गप्प असतो. त्याला काय जीभ नसते? उद्याचा रोज मुकादमाच्या हातात असतो, म्हणून तो गप्प. तसंच हे. ज्याची खोली, मेसचं ताट आणि फेलोशिप दुसऱ्याच्या मुठीत आहे, तो बोलेल कसा?

तेव्हा आपली सुरक्षितता म्हणजे कापसात गुंडाळून ठेवणं नव्हे. वाद आपल्याला नवा नाही. आरक्षणाविरुद्ध बोलायचंय? बोला. उत्तर देऊ, तुमच्यापेक्षा चढ्या आवाजात देऊ. पण जात काढून शिवी देणं याला मत म्हणत नाहीत. चारचौघांत असा अपमान करणं १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे. २००७ साली थोरात समितीनं दिल्लीच्या एम्समधला छळ आणि होस्टेलमधला वेगळा पडलेला मजला उघड केला. २०१२ साली यूजीसीनं भेदभावाविरुद्ध नियम केले. तरी २०१६ चा वेलिवाडा उठलाच. कारण नियम कागदावर राहिले आणि किल्ली त्यांच्याच कमरेला.

म्हणून मागणी साधी आहे. बोलला म्हणून कुणाची खोली जाणार नाही. चौकशीचा निकाल लागेपर्यंत फेलोशिप थांबणार नाही. चौकशीला बसणाऱ्यांत आपली माणसं असतील. एवढं द्या, मग खुशाल वादाला या.

एवढं देत नसाल, तर स्वातंत्र्यावरची तुमची व्याख्यानं तुमच्याच सभागृहाला ऐकवा. आपण वेलिवाड्यातून बोलू. तिथला आवाज लांबवर जातो.

जय भीम!