भरतीचं वेळापत्रक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तराच्या वाट्याला स्वतःची चित्रं तशी कमीच येतात. सुविचाराचा फळा, गॅदरिंगचे पडदे, प्रमाणपत्रांवरची नावं, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेली मुलं आणि अधूनमधून निवडणुकीची ड्युटी. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, विद्यार्थी घडवले आणि जलरंगावरची हुकमतही राखली. पण असा माणूस विरळा. बाकीचे आम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षाची वाट पाहतो.

निवृत्त झाल्यावर मी मालवणच्या किनाऱ्यावर रोज सकाळी बसू लागलो. समोर सिंधुदुर्ग, मध्ये खडक. डोंगर, झाड, कौलारू घर ही मंडळी चित्रकाराला सांभाळून घेतात. काल अर्धवट राहिलेलं चित्र आज त्याच वेळी जाऊन पुढे नेता येतं. समुद्राचं तसं नाही. आज नऊ वाजता जे खडक उघडे असतात, ते आठवड्याने नऊ वाजता पाण्याखाली. चित्र अर्धं राहतं ते राहतंच.

रापणीवरचे एक वयस्क गृहस्थ माझी ही धडपड पाहत असत. एक दिवस म्हणाले, "मास्तरांनू, घड्याळ कित्याक बघतास? तिथी बघा." किनाऱ्यावरचा तो जुना हिशेब त्यांनी मला वाळूत बोटाने मांडून दाखवला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, ते या पाऊणकीत बरोबर बसतं. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण चित्र काढायला तेवढं पुरे.

आता माझ्या चित्राला नऊच्या उन्हातले उघडे खडक हवेत. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी सव्वानऊला. म्हणजे महिन्यात दोन चतुर्थ्या आणि त्यांच्या आगेमागेचा एखादा दिवस, एवढीच माझी हजेरी. एकादशीला जाऊन उपयोग नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी चतुर्थीभोवती गोल करून ठेवतो, तेव्हा घरच्यांना वाटतं, मास्तर म्हातारपणी उपासाला लागले!

बाकी अडचणी ठरलेल्याच. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. लाटेचा फेस आधीच सोडून ठेवावा लागतो, मागाहून तो आणता येत नाही. मे महिन्यात ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. जुलैत कागदच इतका दमट की वॉश वाळता वाळत नाही. आणि क्षितिज नेहमी डोळ्याच्या पातळीवर. तुम्ही बसलात की ते बसतं, उभे राहिलात की उभं राहतं. मुलांना यथार्थदर्शन शिकवायला समुद्रासारखा फळा नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र निराळीच गोष्ट घडली. पॅलेटवरचा निळा आणि हिरवा यांतला फरक मला लागेनासा झाला. ट्यूबवरची लेबलं वाचून मी रंग घेऊ लागलो. मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग पिवळट पडतं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवून धरतं. हे इतकं हळूहळू होतं की समुद्रच बदलला असं वाटतं. फ्रान्सचे मोने यांचंही असंच झालं होतं. मोतीबिंदूचं निदान १९१२ मध्ये, शस्त्रक्रिया १९२३ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी. एवढी वर्षं त्यांनी टाळाटाळ का केली असेल, हे चित्रकाराला सांगावं लागत नाही. डोळा गेला तर काय, ही भीती मलाही होतीच.

माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा किनाऱ्यावर गेलो आणि एकेक डोळा झाकून पाहिलं. उजव्याने पाहिलं तर निळंशार पाणी, डाव्याने पाहिलं तर तेच पाणी फिकट चहासारखं. रापणवाल्यांना वाटलं, मास्तर कुणाला तरी खुणावताहेत.

त्या मधल्या काळातली वीसेक चित्रं माझ्या फडताळात आहेत. मोने यांनी शस्त्रक्रियेनंतर आपली काही चित्रं पुन्हा रंगवली. माझ्या चित्रांवर निळ्याचा एक हात फिरवावा, असं मित्र सुचवतात. मी ती तशीच ठेवली आहेत. त्या दिवसांत मला दिसला तो समुद्र तोच होता, आणि त्याच्याशीही मी तिथी पाळून बसलो होतो.

डाव्या डोळ्याचंही उरकून घ्या, असं डॉक्टर म्हणतात. मी जुलैतली तारीख मागितली आहे. तेव्हा तसाही वॉश वाळत नाही.