घरी पाठवलेले पत्र



संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्व रसिक वाचकांचे डब्लिनमध्ये मनापासून स्वागत करते. कॉर्क, गॉलवे, लिमरिकहून मुलाबाळांना घेऊन पहाटेच निघालात, त्याचे मोल आम्ही जाणतो.

ज्या शहरात जमलो, तिथल्या एका लेखिकेची ओळख करून देणे हे मी यजमानाचे कर्तव्य समजते. मेव्ह बिंची. डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठी डॉकी आहे, तिथल्या त्या. शाळेत शिकवायच्या. १९६३ साली इस्रायलमध्ये किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतवसाहतीत, राहत असताना त्यांनी घरी पत्रे लिहिली. वडिलांनी त्यातले एक परस्पर ‘आयरिश इंडिपेंडंट’ला धाडले. ते छापून आले आणि १८ पौंड मिळाले. शिक्षिकेचा आठवड्याचा पगार होता १६ पौंड!

त्यांच्या आयुष्यातली हीच गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. घरच्यांना आपले दिवस दिसावेत म्हणून मुलगी लिहीत गेली आणि वडिलांनी त्यातली लेखिका ओळखली. माझी इथली पहिली पत्रे आईने अजून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत.

१९६८ मध्ये त्या ‘आयरिश टाइम्स’मध्ये महिलांच्या पानाच्या संपादक झाल्या. पहिली कादंबरी, ‘लाइट अ पेनी कँडल’, पाच प्रकाशकांनी परत पाठवली. घरकर्जाचे दोन महिन्यांचे हप्ते थकले असताना अखेर ती स्वीकारली गेली आणि तिचे ५२,००० पौंड आले. १९८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

लोकप्रिय लेखक म्हटले की काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. बिंचींच्या ‘सर्कल ऑफ फ्रेंड्स’ या कादंबरीतली बेनी अंगाने थोराड, लहान गावातली. कादंबरी संपेपर्यंत ती सडपातळ सुंदरी होत नाही. आपल्याला काय नको, हे मात्र तिला कळते. अशा मुलीला नायिका करायला धाडस लागते. त्यांच्या पुस्तकांच्या चार कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या, त्या अशा वाचकांमुळे, ज्यांना त्यांत आपले घर सापडले. २०१२ मध्ये त्या गेल्या.

उद्या सकाळी आपण डार्ट गाडीने डॉकीला जाणार आहोत. पती गॉर्डन स्नेल यांच्यासोबत एकाच खोलीत बसून त्या लिहीत, ते हेच गाव. नोंदणीच्या टेबलावर कोरे कागद आणि पाकिटे ठेवली आहेत. गाडीत घरी चार ओळी लिहा, पत्ता घाला, परतताना आमच्याकडे द्या. सोमवारी सगळी पत्रे आम्ही पोस्टात टाकू.