नाडीवरचा हात, चेंडूवरचा हात : डॉ. मेहेलाशा पावरी

डहाणू रोडवरून उत्तरेकडे जाणारी गाडी घोलवड, उमरगाव मागे टाकून संजाणला पोहोचते आणि तशीच पुढे गेली की नवसारी येतं. या वाटेशी पारशी समाजाचं नातं डहाणूकरांना नव्याने सांगायला नको. बाहरोटच्या गुहांत इराणशाहचा पवित्र अग्नी बारा वर्षं जपून ठेवला होता, ही परंपरा इथल्या डोंगराखाली राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. 1864 साली हा रेल्वेमार्ग मुंबईपर्यंत आला आणि दोनच वर्षांनी, 1866मध्ये, नवसारीत मेहेलाशा एदलजी पावरी जन्मले. पुढे ते डॉक्टर झाले. पण हिंदुस्थानी क्रिकेटचा इतिहास त्यांना आपला पहिला मोठा गोलंदाज म्हणून ओळखतो.

पावरींच्या जन्माआधीच मुंबईच्या पारशी तरुणांनी क्रिकेट आपलंसं केलं होतं. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब 1848चा. खेळायला जागा मात्र एस्प्लनेडचं सार्वजनिक मैदान, म्हणजे आजच्या आझाद मैदानाचा परिसर. युरोपियनांना जिमखान्याची राखीव जागा होती, शिवाय त्यांचे पोलोचे घोडे याच सार्वजनिक मैदानावर दौडायचे. टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कसा उडेल, याचा भरवसा नसे. पारशी खेळाडूंनी सरकारदरबारी अर्जांमागून अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी 1897मध्ये या लढ्याची हकिगत पुस्तकरूपाने छापली, म्हणून ती आज वाचता येते. वाईट खेळपट्टीवर उभं राहायचं धैर्य या पिढीला मिळालं ते असं.

1886 साली पहिला पारशी संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते डॉ. धनजीशा पटेल, तेही डॉक्टरच. 28 सामन्यांपैकी फक्त एक जिंकला, 19 गमावले. योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेल्या ऑस्ट्रेलियन संघाचा कर्णधार एच. जे. एच. स्कॉट हा दौरा संपल्यावर वैद्यकीचं शिक्षण पुरं करायला तिथेच थांबला आणि नंतर न्यू साउथ वेल्समधल्या स्कोन या गावचा डॉक्टर म्हणून जगला. इंग्लंडचा सर्वांत प्रसिद्ध क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस तर ब्रिस्टलमध्ये दवाखाना चालवायचा. त्या काळच्या खेळात डॉक्टर इतके का दिसतात?

याचं उत्तर वेळेत आहे. बोटीने जायचं, महिनोन्‌महिने खेळायचं, बोटीने परत यायचं, एवढी रजा कचेरीतल्या कारकुनाला कोण देणार? गिरणीत खपणाऱ्याला तर तो विचारही परवडत नसे. डॉक्टर स्वतःच्या वेळेचा धनी असतो. त्यात पारशी घराण्यांकडे व्यापाराचा पैसा होता आणि मुलांना शिकवायची हौस होती. इंग्लंडचा प्रवास, शिक्षण आणि खेळ या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात जमून येणं अशाच घरांत शक्य होतं. पावरींच्या गुणांना यामुळे कमीपणा येत नाही. ते गुण मैदानापर्यंत पोहोचले कसे, तेवढं मात्र यातून कळतं.

1888च्या दुसऱ्या दौऱ्यात पावरी होते. वय बावीसच्या आत. या वेळी 31 सामन्यांत आठ विजय मिळाले, आणि एकट्या पावरींनी 170 बळी घेतले. आजचा गोलंदाज एका उन्हाळ्यात एवढी षटकं टाकायला धजणार नाही. पावरी वेगाने गोलंदाजी करत, फलंदाजीतही ते उपयोगी होते, आणि त्यांच्या लोकांनी त्यांना ‘हिंदुस्थानचे ग्रेस’ म्हणायला सुरुवात केली ती काही उगीच नव्हे.

पण त्यांचं नाव खरं कोरलं गेलं ते मुंबईत. 30 आणि 31 जानेवारी 1890. इंग्लंडहून जी. एफ. व्हर्नन यांचा संघ आला होता, त्यात लॉर्ड हॉकही होते. सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. पाहुण्यांच्या पहिल्या डावात 97 धावा झाल्या, पारशांच्या 80. सतरा धावांची पिछाडी. दुसऱ्या डावात पावरींनी चेंडू हातात घेतला आणि 34 धावांत सात जणांना परत पाठवलं. सगळा संघ 61वर आटोपला. 79 धावांचं लक्ष्य पारशांनी चार गडी राखून गाठलं. व्हर्ननच्या संघाचा त्या दौऱ्यातला हा एकमेव पराभव! ज्या जिमखान्याच्या सभासदांशी मैदानासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं, त्यांच्याच हिरवळीवर इंग्लंडहून आलेला संघ हरला, याचा आनंद त्या हजारो प्रेक्षकांना किती झाला असेल! पुढे 1892पासून युरोपियन विरुद्ध पारशी हे प्रेसिडेन्सी सामने भरू लागले. 1907मध्ये हिंदू आणि 1912मध्ये मुस्लिम संघ आल्यावर त्यांची चौरंगी स्पर्धा झाली. मुंबईच्या क्रिकेटवेडाचं मूळ त्या दोन दिवसांत शोधावं, असं मला वाटतं.

1895मध्ये पावरी मिडलसेक्स कौंटीकडून एक सामना खेळले. रणजितसिंहजींनी ससेक्सकडून पदार्पण केलं तेही याच वर्षी. रणजींची कीर्ती जगभर झाली. पावरी मुंबईला परतले, दवाखाना सांभाळला, पारशी संघ सांभाळला आणि 1901मध्ये ‘पारसी क्रिकेट’ हे पुस्तक लिहिलं. आपल्या खेळाची नोंद आपणच ठेवायची, ही समज त्या काळी किती जणांना होती? मला त्यांच्या सात बळींइतकंच हे पुस्तक मोलाचं वाटतं.

याच काळात पुण्यात पळवणकर बाळू नावाचा चर्मकार मुलगा इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटत होता. साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची, बॅट मात्र हातात मिळायची नाही. हिंदू संघात घेतल्यावरही चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभराहून अधिक बळी मिळवले. त्या संघात आणखी एक डॉक्टर होते, होरमसजी कांगा. पावरींचा, कांगांचा वेळ त्यांचा स्वतःचा होता. बाळूंचा दिवस दुसऱ्याने विकत घेतलेला होता. पावरींची गोष्ट सांगताना ही दुसरी गोष्ट वगळणं अन्यायाचं होईल.

डॉ. कांगांचं नाव आजही पावसाळ्यात ऐकू येतं. त्यांच्या स्मरणार्थ 1948मध्ये सुरू झालेली कांगा लीग मुंबईच्या मैदानांवर ऐन पावसात खेळली जाते, ओल्या, बेभरवशाच्या खेळपट्ट्यांवर. पावरींच्या नावाची अशी मोठी स्पर्धा नाही. 1932मध्ये हिंदुस्थान लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला, तेव्हा ते हयात होते. एप्रिल 1946मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याच उन्हाळ्यात नवाब पतौडींच्या नेतृत्वाखाली आपला संघ इंग्लंडमध्ये तीन कसोटी खेळला आणि त्या संघात रुसी मोदी हा पारशी फलंदाज होता.