नवलेखकाचे पहिले हस्तलिखित : साहाय्याच्या योजना आणि आपले काम

(शिक्षक, ग्रंथपाल व पंचायत सदस्य यांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘नवोदित लेखकांसाठी साहाय्याच्या योजना’ असा छापलेला आहे. हा विषय लेखकांच्या सभेत न मांडता आपल्यापुढे मांडण्याचे कारण असे की, खेड्यापाड्यांतील लिहिणारी मुले-मुली आपले पहिले कागद लेखकांना दाखवीत नाहीत. ती ते मराठीच्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवितात, गावच्या वाचनालयात घेऊन येतात आणि फार तर सरपंचांकडे ‘पुस्तकाला काही मदत होईल का?’ अशी विचारणा करतात. त्या पहिल्या भेटीत मिळालेल्या उत्तरावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

बहुतेक ठिकाणी मिळणारे उत्तर ठरलेले आहे : ‘छान लिहितोस, आता पुस्तक काढ.’ हे उत्तर प्रेमाने दिलेले असते, पण ते घाईचे असते. काही वर्षांपूर्वी एक तरुण कवी माझ्याकडे आला. सोयाबीनचे पैसे हातात आले होते, त्यांतून त्याने पदरमोड करून कवितासंग्रह छापून घेतला होता. तीनशे प्रती घरात रचून ठेवलेल्या. त्याचा प्रश्न होता की, नवलेखकांना शासनाकडून पुस्तकासाठी अनुदान मिळते असे ऐकतो, त्यासाठी अर्ज कसा करावा? कविता बऱ्या होत्या, काही तर फारच चांगल्या होत्या. परंतु ज्या अनुदानाविषयी तो विचारत होता, ते ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशा लेखकांच्या हस्तलिखिताला मिळते. पुस्तक छापल्याक्षणी ते दार त्याच्यापुरते बंद झाले होते.

आज मला मुख्यतः सांगावयाचे आहे ते हेच. योजना अनेक आहेत, पण त्यांना एक क्रम आहे. काही दारे हस्तलिखितासाठी उघडी असतात, काही छापील पुस्तकासाठी, आणि त्यांपैकी काही आयुष्यात एकदाच उघडतात. अप्रकाशित हस्तलिखित ही नवलेखकाची ठेव आहे. ती मोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावयास हवा.

प्रथम हस्तलिखिताविषयी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० साली झाली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. विश्वकोशाचे कार्य आरंभी या मंडळाकडेच होते, त्यामुळे मंडळ म्हटले की जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढे येतात. परंतु याच मंडळाची ‘नवलेखक अनुदान योजना’ आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय, ललित गद्य अशा प्रकारांतील नवोदितांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी या योजनेतून अनुदान दिले जाते. त्यासाठी मंडळ जाहीर निवेदन काढून ठराविक मुदतीत हस्तलिखिते मागविते. अलीकडील काही वर्षांत ही मुदत वर्षारंभीच्या सुमारास असते. म्हणजे ज्याला जानेवारीत पाठवावयाचे आहे, त्याने दिवाळीनंतर हस्तलिखित हातावेगळे केलेले असावे. स्वच्छ टंकलेखन, पृष्ठांना क्रमांक, स्वतःजवळ एक प्रत आणि नियमावलीत लिहिली असेल तीच पृष्ठमर्यादा, या चार साध्या गोष्टी सांभाळल्या तरी निम्मे काम होते. चांगल्या लेखनाची हस्तलिखिते केवळ मर्यादा ओलांडल्यामुळे किंवा एखादे पत्र न जोडल्यामुळे बाजूला पडावीत, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. अर्ज नाकारला गेला, तर पुढील वर्षी सुधारून पुन्हा पाठविण्याची वाट बहुधा खुली असते. छापखान्यात गेलेल्या हस्तलिखिताला ती राहत नाही.

आता छापील पुस्तकाविषयी. स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत लेखकाच्या प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र विभाग आहे. त्यात कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या, कथेसाठी ग. ल. ठोकळ यांच्या, नाटकासाठी विजय तेंडुलकर यांच्या, तर कवितेसाठी बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचा पुरस्कार असून, अलीकडच्या वर्षांत त्याची रक्कम ५० हजार रुपये राहिली आहे. थोडे विषयांतर करून सांगतो. ज्यांच्या नावाने पहिल्या कवितासंग्रहाला पुरस्कार दिला जातो, त्या बहिणाबाईंनी स्वतःचा पहिला संग्रह पाहिलाच नाही. डिसेंबर १९५१ मध्ये त्या गेल्या आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५२ साली. त्यांना लिहिता येत नव्हते. घरातल्यांनी त्या ओव्या उतरवून घेतल्या म्हणून त्या उरल्या. कागद नेमका कोणाकडे न्यावयाचा, हे सोपानदेवांना ठाऊक होते. प्रत्येक गावात सोपानदेव असतोच असे नाही.

या पुरस्कारासाठी एका कॅलेंडर वर्षात, म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात, प्रसिद्ध झालेली पुस्तके पुढील वर्षाच्या प्रारंभी मागविली जातात. आपणांसाठी महत्त्वाची बाब अशी की, मुंबई शहर व उपनगर सोडून इतर जिल्ह्यांतील प्रवेशिका जिल्हाधिकारी कार्यालयांत स्वीकारण्याची पद्धत आहे. ज्या कार्यालयात सातबाराच्या तक्रारी घेऊन जातो, तेथेच कवितासंग्रहही द्यावयाचा असतो, याची कित्येक लेखकांना कल्पनाच नसते. आणि खरे सांगावयाचे तर कार्यालयातील सर्वच कर्मचाऱ्यांनाही नसते. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात प्रकाशन समारंभ करणाऱ्यांना तर प्रवेशिकेसाठी काही आठवडेच मिळतात. माझ्याकडे आलेल्या त्या कवीचे नेमके असेच झाले. संग्रहावर डिसेंबरची तारीख होती आणि त्याला हे सारे कळले तेव्हा मार्च उजाडला होता. पहिला संग्रह एकदाच पहिला असतो.

साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. पुरस्कारवर्षाच्या १ जानेवारीस लेखकाचे वय ३५ वर्षे किंवा त्याहून कमी असावे, ही त्याची मुख्य अट. पहिल्याच वर्षी मराठीतील हा मान ऐश्वर्य पाटेकर यांच्या ‘भुईशास्त्र’ या कवितासंग्रहाला मिळाला. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कुसुमाग्रज अध्यासनाचा ‘विशाखा’ पुरस्कार हाही नवोदित कवीच्या पहिल्या संग्रहासाठीच आहे.

परंतु पुरस्काराने पोट भरत नाही, हेही मुलांना वेळीच सांगावे. २०१८ चा युवा पुरस्कार मिळालेल्या ‘फेसाटी’ या कादंबरीचे लेखक नवनाथ गोरे यांच्यावर २०२० च्या टाळेबंदीत मजुरीला जाण्याची वेळ आली, हे वृत्त त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाले होते. पुरस्कार हा झालेल्या कामाचा गौरव असतो. अनुदान छपाईचा भार उचलते. आणि लिहिण्यासाठी लागणारा वेळ विकत घेऊन देते ती विद्यावृत्ती. नवलेखकाला खरी चणचण असते ती या तिसऱ्या गोष्टीची, आणि आपल्याकडे तीच सर्वांत कमी आहे.

तरीही ती मुळीच नाही असे नव्हे. केंद्र शासनाने २०२१ साली ‘पीएम-युवा’ ही योजना सुरू केली. ३० वर्षांखालील लेखकांना सहा महिने दरमहा ५० हजार रुपये, म्हणजे एकूण तीन लाख, तज्ज्ञांचे मार्गदर्शन, आणि पुढे नॅशनल बुक ट्रस्टतर्फे पुस्तकाचे प्रकाशन, असे तिचे स्वरूप. पहिल्या फेरीत ७५ लेखक निवडले गेले. २०२२ साली दुसरी आणि २०२५ साली ५० लेखकांसाठी तिसरी फेरी जाहीर झाली. मराठीसह २२ भारतीय भाषांत आणि इंग्रजीत लिहिता येत असे. तिसऱ्या फेरीत विषय नेमून दिलेले होते : परदेशांतील भारतीयांचे योगदान, भारतीय ज्ञानपरंपरा, आणि १९५० नंतरच्या भारताचे शिल्पकार. कवितेला तेथे वाव नव्हता. मागितले होते ते संपूर्ण पुस्तक नव्हे, तर दहा हजार शब्दांपर्यंतचा प्रस्ताव : पुस्तकाचा गोषवारा, प्रकरणांचा आराखडा, नमुन्यादाखल दोन-तीन प्रकरणे आणि संदर्भांची यादी.

हा प्रस्ताव लिहिणे ही आपल्या मुलांची अवघड जागा आहे. ललित लेखन सुरेख करणारी मुलगीही ‘मी काय लिहिणार आहे’ हे दोन पानांत सांगताना अडखळते. आभार, प्रास्ताविक आणि मायबोलीची थोरवी यांतच तिची पाने संपतात. येथे शिक्षकांची खरी गरज आहे. विषय कोणता, त्यावर आजवर काय लिहिले गेले, मी नवीन काय पाहिले, कोणाला भेटणार, कोणती कागदपत्रे चाळणार, या प्रश्नांची उत्तरे साध्या वाक्यांत लिहून घ्यावीत. गावच्या पाझर तलावाचा किंवा एखाद्या सहकारी संस्थेचा इतिहास असा लिहून पाहिला, तरी हात तयार होतो. पंचायतीचे जुने ठराव आणि कार्यवृत्ते त्या मुलांना पाहावयास मिळाली, तर ती मदत पैशांहून मोठी ठरेल.

अनुवाद करणाऱ्यांसाठीही वाटा आहेत. न्यू इंडिया फाउंडेशनच्या अनुवाद विद्यावृत्तीत मराठीसह दहा भारतीय भाषांतील ललितेतर ग्रंथांच्या इंग्रजी अनुवादासाठी सहा महिन्यांकरिता सहा लाख रुपये देण्यात आले. चांगले इंग्रजी जाणणारा, पण कोणाच्या लक्षात न आलेला शिक्षक तालुक्याच्या गावी असतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता लेखन-निवास ही कल्पना. लेखकाला काही आठवडे राहण्या-जेवणाची सोय, एक खोली, आणि कोणी हाक मारणार नाही अशी शांतता. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९६७ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात आपले दिलीप चित्रे १९७५ साली सहभागी झाले होते. मात्र २०२५ च्या फेब्रुवारीमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या कार्यक्रमाची अनुदाने खंडित केली. परदेशी योजनांवर विसंबून राहण्याची ही मर्यादा. आपल्या देशात २००८ साली सुरू झालेल्या ‘संगम हाऊस’ने भारतीय भाषांतील लेखकांनाही आपल्या लेखन-निवासात स्थान दिले. मराठीत मात्र अशी परंपरा अद्याप रुजलेली नाही. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले, तेथे वाचकासाठी घराघरांत जागा झाली. लिहिणाऱ्यासाठी अशी जागा करण्यास मोठी इमारत लागते, असे मला वाटत नाही. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमामुळे उभ्या राहिलेल्या गावोगावच्या वाचनालयांतील एक खोली दुपारी बारा ते चार या वेळात एखाद्या लिहिणाऱ्या व्यक्तीसाठी सहा आठवडे राखून ठेवली, तर तोही लेखन-निवासच आहे. घरचे सारे आवरून रात्री अकरानंतर स्वयंपाकघरात लिहिणाऱ्या बाईला आयोवापेक्षा ही खोली अधिक उपयोगाची. पंचायतीच्या एका ठरावात हे होण्यासारखे आहे.

स्पर्धांविषयी थोडक्यात बोलतो. ‘मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत कथास्पर्धा वाढल्या, १९५४ पासूनच्या राज्य नाट्य स्पर्धेने लहान गावांतील नाटककारांना रंगमंच दिला. मुदत पाळण्याची सवय आणि अनोळखी परीक्षकाची नजर, एवढ्यासाठीही स्पर्धेत उतरावे. पण प्रवेशशुल्क मागणाऱ्या, ‘निवड’ झालेल्या कवीला प्रातिनिधिक संग्रहाच्या दहा प्रती घ्यावयास लावणाऱ्या, सन्मानचिन्हासाठी ‘नोंदणी’ घेणाऱ्या स्पर्धांचे अमाप पीक आले आहे. परीक्षक कोण, मागील निकाल कोठे प्रसिद्ध झाला, आणि पैसे कोण कोणाला देणार, हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक ठिकाणचे पितळ उघडे पडते.

हक्कांचेही पाहावे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ‘सर्व हक्क कायमचे संयोजकांकडे’ असे नियमावलीत दिसले, तर तेथे कथा पाठवू नये. पाठवावयाचीच असेल, तर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाला तो कागद दाखवावा. आपणांपैकी जे स्वतः लिहितात, त्यांपैकी शासकीय सेवकांनी १९७९ चे आणि जिल्हा परिषदेच्या सेवकांनी १९६७ चे वर्तणूक नियम वाचून कार्यालयास लेखी कळवून ठेवावे. पुरस्कार मिळाल्यावर खुलासे देत बसण्यापेक्षा ते बरे.

शेवटी एक विनंती. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कोणत्या शाखेत वाङ्मय पुरस्काराच्या प्रवेशिका घेतल्या जातात, हे येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबरअखेर आपापल्या तालुक्यातील वाचनालयांना कळवावे. मंडळाचे निवेदन निघाले की त्याची प्रत शाळेत, वाचनालयात आणि पंचायतीच्या फलकावर त्याच आठवड्यात लावावी, व त्यावर अखेरची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. ग्रंथपालांनी एक साधी वही ठेवावी : कोणी काय लिहिले आहे, ते छापलेले आहे की नाही, आणि लेखकाचे वय किती. या तीन रकान्यांवरून कोणाला कोठे पाठवावयाचे ते कळते. वहीचा नमुना मी सोबत आणला आहे. चहापानाच्या वेळी तो पाहता येईल.